मुलूख पाहून पोट भरतें काय?

(हिंगोली जिल्ह्यांतील एका खेड्यांत, शाळेच्या पटांगणावर, ग्रामस्थांपुढें एका प्राथमिक शिक्षकानें दिलेलें व्याख्यान.)



मागल्या शनिवारीं शाळेच्या सहलीचा विषय काढण्याकरितां मी घरोघर फिरत होतों. सहल कांहीं विलायतेची नव्हती. औंढ्याचें नागनाथाचें देऊळ आणि नर्सीचें संत नामदेवांचें जन्मस्थान, इतकाच बेत. एका घरीं ओट्यावर बसलेले आबा मला म्हणाले, "गुर्जी, मुलूख पाहून पोट भरतं काय? अन् पोरीला तर कशाला धाडायचं?"

मला त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. आबा वयानें वडील. शिवाय प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. ज्याच्या वावरांत हळद काढणीला आली आहे आणि मजूर मिळत नाहीं, त्यानें हा प्रश्न विचारूं नये तर कोणीं विचारावा? आज त्याचें उत्तर चार लोकांसमोर देण्याचा मी प्रयत्न करितों. आबा समोरच बसले आहेत. माझें कोठें चुकलें तर त्यांनीं खुशाल कान धरावा.

पहिली गोष्ट अशी कीं, प्रवास हें श्रीमंतांचें काम, असें आपण म्हणतों, तें खरें नाहीं. आपल्या ह्या मुलुखांतला सर्वांत मोठा प्रवासी जातीनें शिंपी होता. सुईदोरा हें त्याचें हत्यार आणि कयाधूकांठची नर्सी हें त्याचें गांव. संत नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा मानतात. त्या काळीं ना आगगाडी, ना सडक. तरी हा माणूस पायीं चालत थेट पंजाबांत पोंचला. तेथल्या लोकांत राहिला, त्यांची बोली शिकला आणि त्या बोलींत त्यानें पदें रचलीं. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत त्याचीं एकसष्ट पदें आहेत. आपल्या शेजारच्या गांवच्या एका कारागिराचे शब्द शीख लोक मस्तक नमवून ऐकतात, ही गोष्ट आपल्यापैकीं किती जणांच्या मुलांना ठाऊक आहे?

गुरुदासपूर जिल्ह्यांत घुमान म्हणून गांव आहे. नामदेवांचें वास्तव्य तेथें अनेक वर्षें होतें, अशी तेथल्या लोकांची श्रद्धा. सन २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथें भरलें, तेव्हां त्या गांवाचें नांव आपल्याकडे गाजलें. संमेलनाला मला जातां आलें नाहीं. पण सन २०१७ च्या दिवाळीच्या सुटींत मी गेलों. नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्सप्रेस जाते. सुमारें दोन हजार किलोमीटरांची वाट. एक सबंध दिवस, एक रात्र आणि पुन्हा एक दिवस गाडींत. वाटेंत कित्येक स्थानकांवर शीख मंडळी भाजीपोळीचीं भांडीं घेऊन उभीं असतात आणि उतारूंना फुकट जेवूं घालतात. तुझी जात कोणती, तुझा धर्म कोणता, तिकीट कोणत्या वर्गाचें, हें कोणी विचारीत नाहीं. तुम्हीं फक्त आपलें ताट पुढें करावें.

घुमानाला पोंचलों तेव्हां भाताची काढणी होऊन गव्हाच्या पेरणीची घाई चालली होती. आपल्या डोळ्यांना तो मुलूख म्हणजे नवलच. जमीन तळहातासारखी सपाट. जिकडेतिकडे पाणी, ट्रॅक्टर आणि पक्कीं घरें. माझ्या मनांत आलें, हा खरा कुबेराचा देश! पण शेताच्या बांधावर एका शेतकऱ्याशीं बोललों, तेव्हां दुसरी बाजू कळली. भाताला पाणी फार लागतें, त्यामुळें जमिनींतलें पाणी वर्षानुवर्षें खोल चाललें आहे आणि बोअर अधिकाधिक खोल न्यावे लागतात, असें तो सांगूं लागला. धसकटें जाळल्याचा धूर तर मीं स्वतः डोळे चोळीत पाहिला. लांबून दिसणारी हिरवळ आणि जवळून दिसणारी काळजी, ह्या दोहोंतला फरक तेथें गेल्यावांचून कळला नसता.

गुरुद्वाराच्या लंगरांत मी पंगतीला बसलों. माझ्या एका बाजूस मळकट कपड्यांचा मजूर, दुसऱ्या बाजूस मोटारींतून उतरलेले गृहस्थ. जेवण झाल्यावर तेच गृहस्थ बाह्या सारून खरकटीं भांडीं घांसायला बसले. आपल्याकडच्या लग्नाच्या पंगती मला आठवल्या आणि मी मान खालीं घातली.

तेथें एका वृद्ध सरदारजींना कळलें कीं, मी नर्सीच्या बाजूचा. त्यांनीं माझे दोन्ही हात धरले आणि विचारलें, "बाबाजींच्या गांवीं तुम्ही नेहमींच जात असाल?" बंधूंनो, मी काय उत्तर देणार? नर्सीपासून चार कोसांवर राहणारा हा मास्तर बारा वर्षांत तिकडे फिरकला नव्हता! दोन हजार किलोमीटर गेल्यावर मला माझ्या शेजारचें गांव दिसलें. आमची सहल नर्सीला कां, ह्याचें अर्धें उत्तर हें आहे.

आतां समुद्रापलीकडे जाऊं. समुद्र ओलांडला कीं जात जाते, आणि परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावें, असा दंडक आपल्या देशांत शतकें चालला. ज्या कोळ्याभंडाऱ्यांचें पोटच समुद्रावर, त्यांना मात्र हें शास्त्र कोणी विचारलें नाहीं! कुंपण घालणाऱ्यांचा हेतु कांहींही असो, परिणाम एकच झाला. जग पुढें गेलें आणि आपण विहिरींतलें आकाश मोजीत बसलों.

तें कुंपण ओलांडणाऱ्यांत कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज होते. सन १८७० सालीं ते विलायतेस गेले. रोज काय पाहिलें तें ते डायरींत टिपून ठेवीत. ती डायरी पुढें १८७२ सालीं छापली गेली. परतीच्या वाटेवर इटलींतल्या फ्लॉरेन्स शहरीं, ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, त्यांचें देहावसान झालें. वय अवघें वीस. आर्नो आणि मुन्योने ह्या नद्यांच्या संगमावर त्यांचा देह हिंदु रीतीप्रमाणें अग्नीला दिला. तेथें त्यांची छत्री आणि पुतळा आहे, आणि जवळच्या पुलालाही त्या लोकांनीं 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाचें नांव दिलें आहे. परक्या मुलखानें कोल्हापूरच्या पोराची आठवण दीडशें वर्षें जपली आहे.

त्यांच्या गादीवर पुढें आलेले शाहू महाराज सन १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठीं इंग्लंडांत होते. ते तिकडे असतांनाच, २६ जुलै १९०२ रोजीं, मागासलेल्या वर्गांना सरकारी नोकऱ्यांत शेंकडा पन्नास जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम कोल्हापुरांत निघाला. राजा बोटींत बसून मौजेला गेला, असें म्हणणाऱ्यांनीं ही तारीख ध्यानांत धरावी.

दुसरे बडोद्याचे सयाजीराव महाराज. हे नाशिक जिल्ह्यांतल्या कवळाणे गांवच्या शेतकरी घरांत वाढलेले. १८७५ सालीं दत्तक जाऊन गादीवर बसले, आणि १८८७ पासून पुढें त्यांनीं जगाच्या कितीतरी फेऱ्या केल्या. पण पाहून काय केलें? अमेरिकेंत सामान्य माणसासाठीं उघडलेलीं वाचनालयें त्यांनीं पाहिलीं. आपल्या प्रजेला हें कां नाहीं, असें मनाशीं विचारलें. मग १९१० सालीं बोर्डन नांवाचा अमेरिकन ग्रंथपाल त्यांनीं बडोद्यास आणिला, गांवोगांवीं वाचनालयें काढलीं, आणि जेथें वाचनालय नाहीं तेथें पेट्यांत भरून पुस्तकें धाडलीं. ह्याला म्हणतात मुलूख पाहणें!

त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर सन १९१३ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. परदेशांतल्या त्या कांहीं वर्षांत आपण अस्पृश्य आहोंत ही जाणीव मनांतून पार पुसली गेली होती, असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. १९१७ सालीं ते नोकरीवर रुजू होण्यास बडोद्याला आले, तेव्हां एवढ्या विद्वानाला राहण्यास खोली मिळेना! पारशांच्या वसतिगृहांत आसरा घेतला, तर तेथूनही हांकलून दिलें. ज्यानें दुसरा मुलूख पाहिला, त्याला आपल्या मुलखांतला अन्याय हा 'नशीब' वाटत नाहीं. तो बदलतां येतो हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. मुलूख पाहण्याचा मोठा फायदा तो हाच.

आबा म्हणतील, "गुर्जी, हे राजे अन् विद्वान. आमचं सांगा." आपलेंच सांगतों.

हिंदी महासागरांत मॉरिशस नांवाचें बेट आहे. तेथें उंसाचे मळे. गुलामगिरी बंद झाल्यावर मळेवाल्यांना मजूर मिळेनात, म्हणून १८३४ पासून त्यांनीं हिंदुस्थानांतून करारावर माणसें नेलीं. त्या 'ॲग्रीमेंट'चें आपल्या लोकांच्या तोंडीं 'गिरमिट' झालें. पांच वर्षांचा करार, आणि मजुरी सुरुवातीला महिना पांच रुपयांच्या घरांत. १९२० पर्यंत सुमारें साडेचार लाख माणसें गेलीं. त्यांत मुंबईच्या बंदरांतून गेलेलीं कोकणचीं मराठी कुटुंबें होतीं. पोर्ट लुई बंदरांत ज्या दगडी पायऱ्यांवरून तीं चढलीं, त्या आप्रवासी घाटाची गणना २००६ पासून जागतिक वारशांत होते. त्या शेतकऱ्यांचीं नातवंडें-पतवंडें तेथें शिकलीं, सरकारदरबारीं बसलीं. मराठी तेथल्या शाळांत शिकवितात आणि गणेशचतुर्थीला सबंध देशाला सुटी असते. पण पहिल्या पिढीनें समुद्रांत काय पाहिलें, फडांत काय सोसलें, हें त्यांच्यापैकीं फारच थोड्यांनीं लिहिलें. कारण बहुतेकांना लिहितांच येत नव्हतें. राजाराम महाराजांची डायरी आपणांस मिळाली. गिरमिट्याची डायरी मिळाली नाहीं.

हा फरक अण्णा भाऊ साठे ह्यांनीं भरून काढिला. वाटेगांवचा हा माणूस. शाळेंत गेला तो दीड दिवस. मुंबईला आला तो बापाबरोबर पायीं चालत. आणि सन १९६१ सालीं तो रशियाला जाऊन आला व 'माझा रशियाचा प्रवास' हें पुस्तक लिहून मोकळा झाला! २०२२ सालीं त्यांचा पुतळा मॉस्कोंत उभा राहिला.

आतां माझी एक चूक कबूल करितों. गेल्या सालीं आपल्या गांवचा एक पोरगा दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला. मुकादमाची उचल घेतलेली. पोराला मागें ठेवायला घरीं कोणी नाहीं. चैत्रांत परत आला. हजेरीपटावर मीं त्याच्या नांवापुढें पांच महिने 'गैरहजर' लिहिलें होतें. वर्गांत तो खालीं मान घालून बसला. सहज मीं त्याला नकाशापुढें उभें केलें आणि विचारलें, "कुठं गेला होतास रे?" त्यानें शिरोळाजवळ बोट ठेविलें. मग हळूहळू बोलूं लागला. नरसोबाच्या वाडीला दोन नद्या कशा मिळतात, उन्हाळ्यांतही पाणी कसें राहतें, नदीवर मोटारी बसवून कोसभर दूरच्या उंसाला पाणी कसें नेतात, रात्रीं दोनला उठून मोळ्या कशा भरतात, हें सारें त्यानें सांगितलें. शेवटीं मलाच विचारतो, "गुर्जी, आपली कयाधू उन्हाळ्यात का आटते?"

सयाजीरावांनीं अमेरिकेंत विचारला तोच हा प्रश्न: तेथें आहे, मग आपल्याकडे कां नाहीं? मीं ज्याला गैरहजर मांडिलें, तो वर्गांतला सर्वांत मोठा प्रवासी होता.

पण गैरसमज नको. कोपींत थंडीनें कुडकुडत राहण्याचें मी कौतुक करीत नाहीं. उचलीच्या दोरानें बांधून नेलेला प्रवास हा प्रवास नव्हे, तें गिरमिटच. फरक एवढाच कीं, तेव्हां बोट होती आणि आतां ट्रॅक्टर आहे. आपल्या लेकरांनीं मुलूख पाहावा तो स्वतःच्या इच्छेनें आणि परतीचें तिकीट खिशांत ठेवून.

तर आबा, माझें उत्तर असें. मुलूख पाहून पोट भरत नाहीं, हें कबूल. पण पोट रिकामें कां राहतें, हें मुलूख पाहून कळतें. ज्याला तें कळलें, तो स्वस्थ बसत नाहीं.

म्हणून तीन मागणीं मागतों. एक, जे फडावर जाणार त्यांनीं पोरें नेऊं नयेत. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. आपण दसऱ्याच्या आधीं एकत्र बसून अर्ज करूं, लिहून मी देईन. दोन, जो जो परगांवीं जाऊन येईल, मग तो फडावरून येवो, पुण्याच्या कारखान्यांतून येवो कीं दुबईहून येवो, त्यानें एक संध्याकाळ शाळेंत यावें. मुलें त्याचें म्हणणें वहींत उतरवून घेतील. आतां आपल्या घरांत लिहिणारे हात आहेत. आपली डायरी हरवूं नये. तीन, सहलीला मुलगे जातील तशाच मुलीही जातील. आयाबहिणींनो, तुम्ही माहेर आणि सासर ह्यांवांचून किती मुलूख पाहिला, हें मनाशीं मोजा आणि मग लेकीला धाडायचें कीं नाहीं तें ठरवा. ज्यांना वर्गणी जड जाते, त्यांनीं मला एकांतांत सांगावें, मार्ग निघेल.

गाडी शुक्रवारीं सकाळीं सातला सुटेल. आबा, गाडींत एक जागा तुमच्यासाठीं ठेविली आहे. नात खिडकीशीं बसेल, तुम्ही तिच्या शेजारीं बसा.