दिवसाचं पाणी, रात्रीचा दिवा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या भडगाव तालुक्यात पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याचं घड्याळ भिंतीवर नसतं, ते तारेत असतं. 'लाइन कधी येणार?' हाच त्याचा प्रश्न. विहिरीला पाणी आहे, केळी उभी आहे, कपाशी उभी आहे. पण थ्री फेज वीज पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रमजानच्या महिन्यात सहेरीला उठलेली माणसं आणि रात्रभर पाणी भरून घरी निघालेली माणसं आमच्याकडे एकाच अंधारात समोरासमोर येतात. आम्ही कवी लोक रात्रीवर पुष्कळ लिहितो. पण बांधावर बॅटरी घेऊन चालणाऱ्याला रात्र म्हणजे साप, विंचू आणि उद्याची न झालेली झोप.

ही रात्रीची पाळी आली कुठून? कोळशावर चालणारं केंद्र म्हणजे घरातलं बटण नव्हे. हवं तेव्हा चालू, नको तेव्हा बंद, असं त्याचं होत नाही. बॉयलर एकदा पेटला की तो पेटता ठेवण्यातच शहाणपण असतं. रात्री घरातली आणि बाजारातली मागणी उतरते, तेव्हा शेतीपंप चालवले की वीज वाया जात नाही आणि दिवसाचा भारही हलका होतो. वीज कंपनीच्या दृष्टीनं हिशेब बरोबर होता. फक्त त्यात शेतकऱ्याच्या झोपेचा रकाना नव्हता.

आणखी एक रकाना नव्हता, तो धुराचा. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र आपण सगळ्यांनी रेल्वेतून जाता-येता पाहिलं आहे. तिथे 210 मेगावॅटचे जुने संच होते, मग 500 मेगावॅटचे दोन आले, आणि आता 660 मेगावॅटचा नवा संच उभा राहिला आहे. नवा संच तेवढ्याच विजेला जुन्यापेक्षा कमी कोळसा खातो, ही चांगली गोष्ट. तरीही कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच. कोणतं औष्णिक केंद्र आधी चालवायचं, हे ठरवताना स्वस्त वीज आधी आणि महाग वीज नंतर असा क्रम लावतात. त्या क्रमात कोळशाचा भाव असतो, रेल्वेचं भाडं असतं. धुराची किंमत नसते. ती किंमत मे महिन्यात आम्ही देतो. जळगाव जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला, उष्ण वारे सुटले, की केळीची पानं करपतात आणि मजूर दुपारी झाड शोधतो.

2005 साली वीज मंडळाचं विभाजन झालं. वीज बनवणं महानिर्मितीकडे, वाहून नेणं महापारेषणकडे आणि घराघरांत पोचवणं महावितरणकडे आलं. शिव्या मात्र सगळ्या महावितरणच्या वाट्याला, कारण बिल त्यांच्या नावानं येतं. त्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. शेतीपंपाला मिळणारी सवलत आभाळातून पडत नाही. तिचा काही भार सरकारी तिजोरी उचलते, काही कारखानदार आणि दुकानदार जास्त दर देऊन उचलतात. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली. पण मोफत म्हणजे बिनखर्चाची नव्हे.

म्हणून 2017 साली सुरू झालेली आणि 2023 मध्ये दुसऱ्या टप्प्यात गेलेली सौर कृषी वाहिनी योजना मला महत्त्वाची वाटते. गावाच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज त्याच भागातल्या शेतीच्या फीडरवर सोडायची. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, दूरवरून वाहून आणण्यातली गळती कमी होते, आणि मुख्य म्हणजे ती दिवसा येते. काटकसर आणि हवामानाची काळजी सहसा दोन वाटांनी जातात. इथे त्या एकाच बांधावरून चालतात. उन्हाला आपल्याकडे तोटा नाही. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 सालीच उभा राहिला.

पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पहिली जमिनीची. शेतकऱ्यानं जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं. पण गायरान दिलं, तर ज्याच्या चार शेळ्या तिथे चरत होत्या त्याला काय? गावाची जमीन देताना ग्रामसभेत त्याचाही आवाज ऐकला पाहिजे. दुसरी गोष्ट संध्याकाळची. सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच घरोघर दिवे, पंखे, टीव्ही लागतात. त्या वेळी पुन्हा कोळसाच धावून येतो. यावर उपाय म्हणजे वीज साठवणं. दिवसाच्या जास्तीच्या विजेनं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज घ्यायची. घाटघरला 250 मेगावॅटचा असा प्रकल्प 2008 पासून आहे. असे प्रकल्प, मोठ्या बॅटऱ्या, यांना पैसा लागतो. तो आज खर्च केला तर बिल थोडं वाढेल. नाही केला तर बिल नातवंडांच्या नावानं निघेल.

आपल्या हातात काय आहे? पंपाला कपॅसिटर बसवणं आहे. ऑटोस्विच काढणं आहे. कारण लाइन येताच सगळे पंप एकदम उठले की रोहित्र जळतं आणि मग आठवडाभर कुणालाच पाणी नाही. दिवसा वीज मिळाली म्हणून विहीर कोरडी होईपर्यंत पंप न चालवणं आहे. ठिबकनं जगाला रस्ता दाखवणाऱ्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको.

कंपनीनं आपल्या वहीत दोन रकाने वाढवावेत, धुराचा आणि झोपेचा. ते मांडल्यावरही जी वीज स्वस्त ठरेल, तीच खरी स्वस्त. आणि शेतकऱ्याला पाणी भरायला सूर्य मिळाला, तर त्याची रात्र त्याला परत मिळेल. कवितेत नाही, अंथरुणावर.