हौशी खेळाडूची साठ वर्षे



या व्याख्यानमालेत आपण संतसाहित्य, नाटक, इतिहास, सीमाभाग अशा विषयांवर वर्षानुवर्षे ऐकत आला आहात. आज मी बोलणार आहे धावण्यावर. विषय जरा वेगळा आहे, पण आपल्या घरांत तो कधीच शिरला आहे. पहाटे कॅम्पातल्या रस्त्यांवर पाहा, राजहंसगडाच्या चढावर पाहा, रविवारी चोर्ला घाटात पाहा. बँकेतले अधिकारी, शिक्षिका, दुकानदार, वकील धावताना आणि सायकल मारताना दिसतात. २०१९ साली पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या आयर्नमनची स्पर्धा सुरू झाली. त्यात १.९ किलोमीटर पोहायचे, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि लगेच २१.१ किलोमीटर धावायचे. हे सगळे स्वतःच्या खर्चाने, रजा काढून.

अशा माणसांकडून दवाखान्यात एक प्रश्न येतो: "डॉक्टर, या वयात झेपेल का?" आणि त्यांच्या घरच्यांकडून दुसरा: "पण हे कशासाठी?" या दोन प्रश्नांची उत्तरे एका माणसाच्या आयुष्यातून आपल्यासमोर ठेवावीत, असा माझा विचार आहे.

तो माणूस दक्षिण आफ्रिकेतला. नाव वॉली हेवर्ड, जन्म १९०८. तिथल्या दरबान आणि पीटरमॅरित्झबर्ग या शहरांच्या दरम्यान कॉम्रेड्स नावाची शर्यत होते. पीटरमॅरित्झबर्ग म्हणजे १८९३ साली गांधीजींना जिथे रेल्वेच्या डब्यातून उतरवले गेले, ते गाव. अंतर सुमारे ९० किलोमीटर, सगळा रस्ता चढउतारांचा. एका वर्षी समुद्राकडून डोंगराकडे धावायचे, बहुधा पुढच्या वर्षी उलट. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या व्हिक क्लॅपहॅम या सैनिकाने मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ २४ मे १९२१ रोजी ती सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले, १६ जण पोहोचले. आज हजारो धावतात, त्यांत भारतीयही असतात.

हेवर्ड १९३० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात ही शर्यत जिंकले. मग वीस वर्षे त्या शर्यतीकडे फिरकले नाहीत. १९५० मध्ये परत आले आणि जिंकले. १९५१ मध्ये जिंकले. १९५३ मध्ये उताराच्या दिशेने ५ तास ५२ मिनिटांत पोहोचले. सहा तासांच्या आत येणारे ते पहिले. १९५४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, पाचव्यांदा जिंकले. मधले १९५२ साल सुटले, कारण त्या वर्षी ते हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावायला गेले होते. ती मॅरेथॉन एमिल झाटोपेकने जिंकली. हेवर्ड दहावे आले.

हेलसिंकी म्हटल्यावर मराठी माणसाला दुसरेच नाव आठवते. त्याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो आणि ती सांगायलाच हवी.

आता याच तराजूत हेवर्ड यांची गोष्ट ठेवून पाहा. १९५३ मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडन ते ब्रायटन ही शर्यत त्यांनी विक्रमी वेळेत जिंकली. बाथ ते लंडन १०० मैलांचा विक्रम केला. मग चोवीस तास धावपट्टीवर गोल फिरत सुमारे २५६ किलोमीटर अंतर कापले, तोही त्या वेळचा विक्रम. या प्रवासाच्या खर्चासाठी लोकांनी त्यांना पैसे जमवून दिले होते. पुढे त्याच कारणावरून त्यांच्या देशातल्या हौशी ॲथलेटिक्सच्या कारभाऱ्यांनी ठरवले की हेवर्ड आता हौशी राहिले नाहीत, धंदेवाईक झाले. त्यांच्यावर बंदी आली आणि ती उठायला बरीच वर्षे लागली. खाशाबांची वर्गणी हा गावाचा अभिमान ठरला, हेवर्ड यांची वर्गणी हा गुन्हा ठरला.

या नियमामागचा इतिहास फारसा स्वच्छ नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नौकानयनाच्या काही नियमांनुसार अंगमेहनतीवर पोट भरणारा माणूस हौशी खेळाडू मानलाच जात नसे. हौस ही फक्त सुखवस्तू लोकांची, असा त्याचा अर्थ. खुद्द कॉम्रेड्समध्ये १९३५ साली रॉबर्ट एमत्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू पूर्ण अंतर धावला, पण त्याची अधिकृत नोंद झाली नाही. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना तिथे अधिकृत प्रवेश मिळाला १९७५ मध्ये. हेवर्ड यांचे विजय मोठे आहेतच. पण ते पाहताना रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागलेले लोक विसरता येत नाहीत.

मराठीत आपण म्हणतो, हौसेला मोल नाही. नियमवाल्यांनी याचा अर्थ लावला की हौशी माणसाने पैशाला हात लावू नये. आपल्या म्हणीचा अर्थ वेगळा आहे. हौसेची किंमत करता येत नाही, असे ती म्हणते. प्रवासखर्च कोणी दिला यावर हौशी कोण ते ठरत नाही. बक्षीस नसले, टाळ्या नसल्या, बंदी असली तरीही जो उद्या पहाटे उठतो, तो हौशी. "हे कशासाठी?" या घरच्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे.

आता पहिला प्रश्न, झेपेल का. इथे डॉक्टर म्हणून थोडे बोलतो.

आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. सलग धावणाऱ्याचा तो तीसेक किलोमीटरच्या आसपास संपत येतो. मग शरीर चरबीवर चालते, आणि तो व्यवहार संथ असतो. पाय शिशाचे होतात, डोके चिडचिडे होते. सरावाने चरबी वापरण्याची क्षमता वाढते, पण त्याला महिने लागतात. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. स्नायू हाडाला बांधणारे दोर मात्र मागून सावकाश येतात. उत्साहाने दोन महिन्यांत अंतर दुप्पट करणाऱ्याची टाच आणि गुडघा म्हणूनच आधी बोलू लागतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. जितके जास्त पाणी तितके बरे, हा समज लांब शर्यतीत घातक ठरू शकतो. केपटाउनचे डॉक्टर टिम नोक्स यांनी १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच लांब शर्यतींतले रुग्ण नोंदवले. जास्त पाणी प्याल्याने त्यांच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरले होते. तहान लागेल तसे प्यावे, हे जुने शहाणपण बरोबर आहे. शर्यतीत वेदनाशामक गोळ्या घेऊन धावू नये, मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी चहाच्या रंगाची झाली तर तडक रुग्णालय गाठावे. आणि चाळिशी-पन्नाशीनंतर सुरुवात करणाऱ्याने हृदयाची तपासणी करून घ्यावी. मी होमिओपॅथ आहे, तरी स्पष्ट सांगतो: छातीत दुखले तर माझ्या साबुदाण्याच्या गोळ्यांची वाट पाहू नका, ईसीजी काढा.

वयाचे म्हणाल, तर ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्के घटते. जो सराव सोडत नाही त्याची घट बरीच सावकाश होते. हेवर्ड याचे उत्तम उदाहरण. १९८८ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, ते पुन्हा कॉम्रेड्स धावले. ९ तास ४४ मिनिटांत पोहोचले आणि निम्म्याहून अधिक धावपटू त्यांच्या मागे राहिले.

पुढच्या वर्षी, ऐंशी वर्षांचे असताना, ते पुन्हा उतरले. त्या काळी मर्यादा अकरा तासांची होती. वेळ संपली की बंदुकीचा बार होतो आणि एका पावलाने मागे राहिलेल्याचीही नोंद होत नाही. हेवर्ड यांनी रेषा ओलांडली तेव्हा १ मिनिट ५७ सेकंद उरले होते. एका वर्षात सव्वा तासाचा फरक पडला होता. ती त्यांची शेवटची कॉम्रेड्स.

त्यांनी १९८९ मध्ये उतरायला हवे होते का? माझ्या जैन संस्कारात या प्रश्नासाठी एक शब्द आहे. षोडशकारण भावनांमध्ये एक भावना आहे, शक्तितस्तप. तप करावे ते शक्तीप्रमाणे. आपण याचा सोयीचा अर्थ घेतो की जमेल तेवढे करावे. पण शास्त्रकार त्यात दुसरी बाजूही पाहतात. आपली शक्ती लपवू नये. असलेली शक्ती लपवणे हा आळस, नसलेली दाखवणे हा अहंकार. पर्युषणात आठ दिवसांचा उपवास करणारी आजी आपल्यातल्या अनेकांनी पाहिली असेल. तिला आपली मर्यादा माहीत असते, कारण ती वर्षानुवर्षे थोडे थोडे करत तिथवर आलेली असते. शेजारणीने केला म्हणून पहिल्याच वर्षी आठ उपवासांना बसणारी पाचव्या दिवशी सलाइनवर जाते. हेवर्ड पाऊण आयुष्य ते अंतर जाणत होते. १९८८ मध्ये त्यांनी शक्ती लपवली नाही. १९८९ मध्ये ते शक्तीच्या अगदी काठावर गेले, असे मला वाटते, आणि त्यानंतर थांबले. ते थांबणे मला पाच विजयांच्या बरोबरीचे वाटते.

ही काठाची जाण प्रस्तरारोहणात सर्वांत नीट शिकायला मिळते. आपल्यापासून काही तासांवर बदामी आहे. तिथल्या लाल वालुकाश्माच्या भिंती देशोदेशींचे प्रस्तरारोहक चढतात. त्यांची बोटे पाहा. बोटांतल्या दोरांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात आणि अनामिकेतली पट्टी तुटणे ही त्यांची ठरलेली दुखापत. म्हणून चांगला चढणारा आज जमले नाही तर उतरतो आणि पुढच्या आठवड्यात परत येतो. उतरण्याला तिथे हार म्हणत नाहीत. आणि आणखी एक: त्याचा दोर खाली कोणीतरी धरलेला असतो. वर चढणाऱ्याचे नाव होते, पण पडला तर त्याला झेलतो तो खालचा हात. हौशी खेळाडूचा तो दोर बहुधा घरचे माणूस धरून असते. पहाटे साडेचारला चहा करणारी बायको, रविवार सोडून देणारी मुले, रात्रीच्या सायकलफेरीत फोन जवळ घेऊन जागा राहणारा नवरा. त्या हाताला विचारल्याशिवाय पुढची शर्यत नोंदवू नये.

म्हणून आपल्याला माझे सांगणे असे. मुलाला खेळात घालताना राखीव जागा आणि नोकरी यांचा विचार जरूर करा. पण स्पर्धा संपल्यावरही तो धावेल का, हेही पाहा. घरात पन्नाशीचे कोणी बूट बांधत असेल तर हसू नका, त्यांना तपासणीला न्या आणि दोर धरा. स्वतःच्या पायांत बळ असेल तर वयाचे निमित्त करून ते लपवू नका. आणि ज्या दिवशी शरीर पुरे म्हणेल, त्या दिवशी ते ऐका. राजहंसगड दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो.