नकाशात न दिसलेला चौक
(हीरक महोत्सवी समारंभात माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



‘तू नेमके काय काम करतोस?’ हा प्रश्न माझ्या आईने मला अखेरपर्यंत विचारला. इमारत उभारतो तो वास्तुविशारद. दोन इमारतींमध्ये जी जागा उरते तिची काळजी वाहणारा मी, असे मी सांगे. ‘म्हणजे उरलेल्या जागेचा कारभारी!’ असे ती म्हणाली. अर्बन डिझाइनची याहून नेटकी व्याख्या मला पुस्तकांत सापडली नाही.

या कारभारात मी शहाणा झालो तो झाशीत. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये तेथील टेकडीवर किल्ला बांधला. १७४२ मध्ये आलेले मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी त्याला शंकरगडाची जोड दिली आणि भोवती वस्ती वाढवली. खंडेराव दरवाजा, ओरछा दरवाजा ही नावे आजही पत्त्यांत टिकून आहेत. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात याच तटाच्या आत अडकले होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ मी तेथे पुन्हा वाचला, तो नगररचनेचा दस्तऐवज म्हणून.

२०१७ मध्ये झाशीची स्मार्ट सिटी योजनेसाठी निवड झाली. त्या सुमारास एका खासगी कार्यालयातर्फे जुन्या शहरातील एका चौकाचा आराखडा माझ्याकडे आला. ड्रोनने टिपलेल्या चित्रांत चौक रिकामा होता. मी त्यात फरसबंदी, दगडी बाके आणि मोबाइलवर इतिहास ऐकवणारे क्यूआर फलक मांडले. चित्र देखणे झाले. मला त्याचा अभिमानही वाटला.

मे महिन्यात प्रत्यक्ष गेलो. दुपारी चारनंतर पश्चिमेकडच्या घरांची सावली चौकात उतरू लागली आणि तिच्या कडेकडेने भाजीच्या टोपल्या पुढे सरकू लागल्या. सहा वाजता पाऊल टाकायला जागा उरली नाही. ड्रोन पहाटे उडवला होता, एवढेच! एका भाजीवालीने माझा कागद उलटसुलट पाहिला आणि आपली टोपली यात कोठे आहे, असे विचारले. माझी बाके नेमकी तिच्या जागी होती. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे रक्षण करणारा कायदा २०१४ पासून अस्तित्वात आहे. तो मला पाठ होता. ती बाई मात्र माझ्या आराखड्यात नव्हती.

मग चार दिवस मोहल्ल्यातील मुलांनी आपापल्या मोबाइलवर दर तासाला नोंद केली: कोण बसले, कोठे बसले, सावली कोठवर आली. त्या नोंदींचा नकाशा ड्रोनच्या चित्रावर ठेवला तेव्हा कोठे मला तो चौक दिसला. संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला सायंकाळ दाखवायची राहिली ती माझ्याकडून. बाके गेली, पाण्याचा नळ आला, टोपल्यांसाठी सावलीच्या रेषेने ओटा आखला. फरशीसाठी मात्र माझे कोणी ऐकले नाही. उन्हात तापणारा काळा दगडच बसला आणि बायका त्यावर गोणपाट अंथरून बसू लागल्या.

आज सकाळी आपल्या शाळेच्या फाटकाबाहेर थोडा वेळ उभा राहिलो. बोरे-आवळे विकणाऱ्या आजी जेथे बसत, तेथे आता गाड्या लावण्यासाठी पांढरे पट्टे आहेत. नववीतील दहा मुले आणि एक आठवडा मला मिळाला, तर शाळा सुटतानाच्या अर्ध्या तासाचा नकाशा करायला मी दिवाळीनंतर येईन. मुख्याध्यापकांना मी तसे पत्र दिले आहे.