आधी स्पीकर, मग वीज : आजोबांच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला फोन जोडताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

आजचा विषय जुना आहे, पण आहे तुमच्या-माझ्यासारख्या फोनवाल्यांसाठीच. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या मामाकडे एखादा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर धूळ खात पडलेला असतो. आपल्याला वाटतं, एक केबल आणावी, फोन जोडावा, झालं. मलाही तसंच वाटलं होतं. आणि आजोबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला अ‍ॅम्प मी एका संध्याकाळी जवळजवळ मारला होता.

तो किस्सा आधी सांगतो. आजोबांचा अ‍ॅम्प म्हणजे मुलार्ड या ब्रिटिश कंपनीचं १९५० च्या दशकातलं '५-१०' नावाचं सर्किट. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, म्हणून ते नाव. शेवटी आवाज काढायला ईएल८४ व्हॉल्व्हची जोडी. आमच्या गावातल्या एका रेडिओ मेकॅनिक काकांनी त्याचे जुने कपॅसिटर बदलून दिले आणि सेट चालू झाला. मी घरी आणला, फोन लावला, आजी शेजारी येऊन बसली. मस्त चाललं होतं.

मग स्पीकर जरा लांब सरकवला आणि मागची वायर स्क्रूमधून सुटली. मला कळलंच नाही. आवाज एकदम बारीक झाला, पण बंद नाही झाला! कान लावला तर गाणं स्पीकरमधून नाही, चक्क अ‍ॅम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून येत होतं. मला गंमत वाटली. म्हटलं सिग्नल कमी झालाय, म्हणून व्हॉल्यूम वाढवला. दोन मिनिटांत 'चट्ट' असा आवाज, निळसर ठिणगी, आणि जळका वास.

नशीब चांगलं. काकांनी उघडून बघितलं तर एका ईएल८४ चं सॉकेट जळून काळं पडलं होतं. ट्रान्सफॉर्मर वाचला होता. सॉकेट दुकानात मिळतं. तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळाला नसता. काका एवढंच म्हणाले, "बाळा, आधी स्पीकर, मग वीज. आणि स्पीकर नसेल तर वीज नाहीच."

असं का होतं? आपल्या नेहमीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये स्पीकर काढला तर सहसा काही बिघडत नाही. तिथे भीती असते ती दोन वायरी एकमेकींना चिकटण्याची. व्हॉल्व्हचं उलटं आहे. व्हॉल्व्हला समोर हजारो ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. मधली सांधेजोड करतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. समजा व्हॉल्व्हच्या बाजूला ८००० ओहम हवेत आणि स्पीकर ८ ओहमचा आहे. म्हणजे १००० पट फरक. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचं गुणोत्तर याच्या वर्गमुळाएवढं, साधारण ३२ ला १. आता स्पीकर काढला की व्हॉल्व्हला दिसणारा भार प्रचंड वाढतो. व्हॉल्व्ह करंट ढकलतच राहतो, त्या करंटला वाट नसते, आणि ट्रान्सफॉर्मरच्या आतला व्होल्टेज उसळून हजारांत जाऊ शकतो. मग तो जिथून सापडेल तिथून उडी मारतो : सॉकेटमधून, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या इन्सुलेशनमधून. माझ्याकडे त्याने सॉकेट निवडलं.

म्हणून पहिलं काम स्पीकरचं. अ‍ॅम्पच्या मागे स्क्रूची पट्टी असते. त्यावर ०, ४, ८, १६ असं काहीतरी लिहिलेलं असतं. काही ब्रिटिश सेटवर १५ असतं. ते १६ सारखंच धरा. स्पीकरच्या मागे लिहिलेला ओहमचा आकडा बघायचा, एक वायर ० ला आणि दुसरी त्या आकड्याला. मल्टिमीटरने मोजलंत तर आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा दाखवेल. घाबरू नका, मीटर फक्त तारेचा डीसी रेझिस्टन्स मोजतो.

सेट एकच चॅनलचा, म्हणजे मोनो असेल आणि दोन स्पीकर लावायचे असतील, तर आठ-आठचे दोन पॅरलल लावले की चार होतात, सिरीजमध्ये लावले की सोळा. त्याप्रमाणे स्क्रू निवडा. आकडा थोडा चुकला तर आवाज फाटतो, व्हॉल्व्हला त्रास होतो, पण लगेच अनर्थ सहसा होत नाही. अनर्थ होतो तो काहीच न जोडल्यावर. काकांनी माझ्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन टोकांमध्ये २२० ओहम, ५ वॅटचा एक रेझिस्टर कायमचा टाकून दिला. वायर सुटलीच तर थोडा तरी भार राहतो. पूर्ण संरक्षण नाही, पण सीटबेल्ट म्हणा.

"दहा वॅटमध्ये काय होणार?" असं विचारणारे असतीलच. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा. ९२ डेसिबलच्या स्पीकरला जेवढा आवाज काढायला १ वॅट लागतो, तेवढाच काढायला ८२ डेसिबलच्या स्पीकरला १० वॅट लागतात. म्हणजे छोटे, जड बुकशेल्फ स्पीकर अशा अ‍ॅम्पला दमवतात. जुने मोठे, हलक्या कोनचे स्पीकर दहा वॅटमध्ये घर दणाणून सोडतात.

आता फोन. हेडफोनच्या भोकातून आरसीए पिनांची केबल घ्या, तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. भोक नसेल तर यूएसबी-सीचं छोटं कन्व्हर्टर लागेल. फोनचा व्हॉल्यूम ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवा आणि कमी-जास्त अ‍ॅम्पवर करा. फोन हळू आणि अ‍ॅम्प फुल्ल ठेवलात तर गाण्याबरोबर घरघरही मोठी होते.

अ‍ॅम्प मोनो असेल तर डावी-उजवी वायर सरळ एकत्र पिळू नका. दोन्ही चॅनल एकमेकांशी भांडतात. दोन्हीकडे एकेक किलो-ओहमचा रेझिस्टर टाका आणि त्यांची दुसरी टोकं एकत्र करून अ‍ॅम्पला द्या. दोन रुपयांचं काम आहे.

रेकॉर्ड प्लेयरची गोष्ट वेगळी. मॅग्नेटिक पिनचा सिग्नल पाचेक मिलिव्होल्ट, म्हणजे फोनच्या शेकडो पट कमी. शिवाय रेकॉर्ड कापताना बेस कमी आणि ट्रेबल जास्त केलेला असतो, तो परत सरळ करावा लागतो. त्यासाठी मध्ये फोनो प्रीअ‍ॅम्प हवाच.

लॅपटॉप लावल्यावर 'हुंऽऽ' असा आवाज येतोय? बहुतेक चार्जरची अर्थ आणि अ‍ॅम्पची अर्थ मिळून वर्तुळ तयार झालंय. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेला आवाज तर कारण सापडलं. पण कुणी सांगितलं म्हणून अ‍ॅम्पची अर्थ पिन तोडू नका. प्लीज. आत ३०० व्होल्टच्या वर खेळ चालू असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर काही वेळ ते धरून ठेवतात. म्हणून झाकण उघडायचं काम जाणकारावर सोडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. अ‍ॅम्प नाही, पण जुना व्हॉल्व्ह रेडिओ आहे आणि मागे 'पिकअप'ची भोकं आहेत? थांबा. काही रेडिओंना मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो, त्यांना एसी/डीसी सेट म्हणतात. व्हॉल्व्हवर यूएल८४, यूसीएच८१ असे 'यू'ने सुरू होणारे नंबर दिसले तर तो बहुधा तसला सेट. त्याची चासी थेट मेन्सच्या एका वायरला जोडलेली असते. म्हणजे फोनची केबल लावली की २३० व्होल्ट तुमच्या हातात. अशा सेटला फोन लावायचाच नाही.

वर्षानुवर्षं बंद असलेला कुठलाही सेट पहिल्यांदा थेट प्लगमध्ये घालू नका. मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो, जुना पिवळा बल्ब मध्ये टाकलेला. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचतो.

तर क्रम लक्षात ठेवा. स्पीकर जोडा, वायर ओढून बघा. फोन जोडा. व्हॉल्यूम शून्यावर. मग मेन्स चालू. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट द्या, मग गाणं. बंद करताना आधी मेन्स, थोडं थांबा, वायरी सगळ्यात शेवटी. आणि गाणं चालू असताना आवाज अचानक बारीक झाला, तर हात व्हॉल्यूमकडे नाही, स्विचकडे गेला पाहिजे.

आमचा अ‍ॅम्प आता रोज संध्याकाळी तासभर चालतो. गाणं कुठलं लावायचं ते आजी सांगते. स्पीकरच्या वायरी मात्र तीच आधी तपासते, माझ्यावर विश्वास नाही तिचा!

तुमच्या घरी असा सेट असेल तर त्याच्या मागच्या पट्टीचा फोटो काढून पाठवा. कुठली वायर कुठे, ते पुढच्या भागात मिळून बघू. तोपर्यंत, ऐकत राहा. भेटू!