थरथरत्या होडीचे निदान

(उजनी जलाशयाच्या काठावरील पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



भीमेवरील उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्याच्या सीमेवर यशवंतसागर पसरला. शेतीला पाणी मिळाले, पण पळसदेवचे प्राचीन मंदिर जलमय झाले आणि पैलतीरावरील सोयरेधायरे सडकेने दूर गेले. तेव्हापासून होडी ही काठच्या माणसाची गरज झाली आहे.

21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून आपल्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली व सहा जणांना जलसमाधी मिळाली. ते संकट वाऱ्याचे होते. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वारा सुटला असता होडीचे तोंड लाटेसमोर धरून ठेवते ते इंजिनच. ऐन वेळी दांडा तुटला किंवा कपलिंग निसटले, तर होडी आडवी होते. असा बिघाड बहुधा आधी सूचना देतो. ती सूचना म्हणजे थरथर.

या थरथरीचे निदान क्रमाने करावे. आरंभी होडी घाटाला दोराने घट्ट बांधावी, उतारू उतरवावेत व गिअर न टाकता इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. थरथर याच वेळी होत असेल, तर दोष इंजिनात किंवा त्याच्या पायांत आहे. सैल बोल्ट, चिरलेले रबर, नीट न उडणारे नोझल ही नेहमीची कारणे होत. गिअर टाकल्यावरच थरथर सुरू झाली, तर कपलिंग, दांडा, बुशिंग व पंखा यांकडे वळावे.

इंजिन बंद करून प्रथम पंखा पाहावा; त्याला खर्च नाही. आपल्या जलाशयात नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे पंख्याला गुरफटतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बुडालेली झाडे व जुन्या बांधकामांचे दगड वर येतात आणि पात्याची कड वाकते. एक पाते वाकले तरी तोल बिघडतो.

थोडे गणितही उपयोगी पडते. इंजिन मिनिटाला 1800 फेरे घेत असेल आणि गिअर ते निम्मे करीत असेल, तर दांडा सेकंदाला 15 फेरे घेतो. सेकंदाला 15 धक्के आले, तर वाकलेला दांडा किंवा तोल गेलेला पंखा यांचा संशय घ्यावा. तीन पात्यांच्या पंख्याचे 45 धक्के आले, तर पाती होडीच्या तळाला फार जवळून फिरत असावीत. शाळेतील मुलांना गुणाकार शिकविण्यास याहून चांगले उदाहरण कोणते?

यानंतर कपलिंग. त्याचे बोल्ट काढून दोन तबकड्यांमधील फट फीलर गेजने वर, खाली, डावीकडे व उजवीकडे मोजावी. चार इंची तबकडीला फटीतील फरक सुमारे 0.1 मिलिमीटरहून अधिक नसावा. मग दांड्याकडील तबकडी अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजावे. रुंद फट जागीच राहिली, तर इंजिन तिरके बसले आहे. पायांखाली पत्र्याच्या चकत्या घालून ते सरळ करावे. रुंद फट तबकडीबरोबर फिरली, तर दांडा किंवा तबकडीच वाकडी आहे. असा दांडा लेथवर तपासून घ्यावा. हातोडा मारून तो सरळ होत नाही.

दोन पथ्ये पाळावीत. झिजलेले बुशिंग आधी बदलावे. तसे न करता केलेली जुळवणी टिकत नाही. आणि अखेरची जुळवणी काठावर न करता होडी पाण्यात तरंगत असताना करावी, कारण पाण्यात होडीचा सांगाडा किंचित आकार बदलतो. दांडा बाहेर पडतो त्या जागेची गळतीही त्याच वेळी पाहावी.

आता पंचायतीचे काम. अंतर्देशीय नौका अधिनियम, 2021 अन्वये यंत्रचलित नौकांची तपासणी व नोंदणी ही कायद्याची बाब आहे. परंतु अशा तपासणीने रोजची थरथर कळत नाही. म्हणून प्रत्येक घाटावर एक साधी वही ठेवावी. कोणत्या वेगाला थरथर जाणवली, केव्हापासून, काय दुरुस्त केले, हे नावाड्याने सांगावे व लिहिता येणाऱ्याने लिहावे. बारामती व इंदापूर येथे औद्योगिक शिक्षण घेणाऱ्या तरुणांचे साहाय्य घेता येईल. दुरुस्ती होईपर्यंत होडी बांधून ठेवण्याचा निर्णय मात्र गावाने करावा. कारण एका दिवसाची मजुरी बुडेल या भीतीने नावाडी तो करू धजत नाही. त्या दिवसाचा भार गावाने उचलणे कठीण नाही.

तरंगण्याची जाकिटे हवीतच, वाऱ्याचा अंदाज घेणेही हवे. पण होडी बोलते तेव्हा तिचे ऐकण्याची सवयही आपण लावून घेऊ या.