महामार्ग आणि दिशावृक्ष

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न आणि ॲडलेड या शहरांना जोडणाऱ्या महामार्गावर, व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम भागात, ब्वांगोर आणि अराराट ही गावे लागतात. त्यांच्यामधील रस्ता अपघातांचा. तो चौपदरी व्हावा ही मागणी कोणालाही गैर वाटणार नाही. अडचण निघाली ती झाडांची.

ही भूमी जाब वुरुंग लोकांची. येथील काही पुरातन रेड गम वृक्षांचे बुंधे आतून पोकळ आहेत आणि त्या पोकळीत पिढ्यान्‌पिढ्या स्त्रिया बाळंत होत आल्या, असे हे लोक सांगतात. मुलाची वार बीजासह मातीत पुरावयाची. तेथे उगवेल ते झाड त्या मुलाचे, त्याला आयुष्यात वाट दाखविणारे. अशा दिशावृक्षाचे मोल रस्त्याच्या अंदाजपत्रकात कोणत्या रकान्यात मांडावयाचे?

सरकारने कोणाला विचारलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. कायद्याने मान्यता दिलेल्या ईस्टर्न मार या आदिवासींच्याच संस्थेशी बोलणी झाली. काही वृक्ष वाचावेत म्हणून रस्त्याची आखणीही बदलली. परंतु त्या संस्थेची संमती ती आपली संमती नव्हे, असे म्हणणाऱ्या जाब वुरुंग मंडळींनी जून २०१८ मध्ये झाडांपाशी तळ ठोकला आणि त्याला नाव दिले ‘वकिलात’. आपल्याच भूमीत वकिलात उघडण्याची पाळी यावी, यात सारे गाऱ्हाणे आले! १९८४ च्या केंद्रीय वारसा-संरक्षण कायद्याखालील त्यांचा अर्ज मंत्र्यांनी फेटाळला. डिसेंबर २०१९ मध्ये फेडरल न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला; २०२० मध्ये अर्ज पुन्हा नामंजूर झाला.

२६ ऑक्टोबर २०२० रोजी मेलबर्नची प्रदीर्घ टाळेबंदी शिथिल करण्याची घोषणा झाली. सारे राज्य त्या वार्तेत गुंतले असता तिकडे यलो बॉक्स जातीचे एक मोठे झाड पाडण्यात आले. निदर्शकांच्या मते तो दिशावृक्ष होता. सरकारच्या मते ते झाड संरक्षणाच्या यादीत नव्हते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि खरा पेच तेथेच आहे. यादी होते ती एकेका झाडाची. श्रद्धा मात्र झाडाझाडांमधल्या वाटांवर, किंबहुना सबंध परिसरावर पसरलेली असते.

त्याच आठवड्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढील काम तात्पुरते थांबविले. त्या झाडाला मात्र या आदेशाचा काही उपयोग उरला नव्हता.