शाखेची वेबसाइट : पत्ता कोणाच्या नावावर?

(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



शाखेची स्वतःची वेबसाइट काढताना नवख्या माणसाला कोणत्या अडचणी येतात, यावर मला बोलायला सांगितले आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, संगणकतज्ज्ञ नाही. पण हा विषय जेवढा संगणकाचा आहे, त्याहून अधिक संघटनेचा आहे. म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

पहिला प्रश्न असा की, प्रत्येकाच्या खिशात व्हॉट्सॲप असताना वेबसाइट हवी कशाला? जानेवारी २०२५ मध्ये सरकारने आठव्या वेतन आयोगाची घोषणा केली. तेव्हापासून फिटमेंट फॅक्टरचे किती आकडे आपल्या मोबाइलवर येऊन गेले, ते आठवा. कोणी लिहिले, कधी लिहिले, कशाच्या आधारे लिहिले, काही ठावठिकाणा नाही. खरे परिपत्रक मात्र शेकडो ‘सुप्रभात’ संदेशांखाली गाडले गेलेले असते. वेबसाइट हा शाखेचा नोटीस बोर्ड आहे. इटारसी किंवा सिकंदराबादला नोकरी करणारा मराठी सभासद रात्रपाळी उतरल्यावरही तो वाचू शकतो, आणि त्यावर शाखेचे नाव व तारीख असते.

आता अडचणींकडे वळू. लोक समजतात की वेबसाइट बनवणे अवघड असते. बनवणे आज तितके अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ती आपली म्हणून टिकवणे.

वेबसाइटला तीन गोष्टी लागतात : पत्ता, जागा आणि सामान. पत्ता म्हणजे डोमेन नाव. टपालातील बांधवांना हे लगेच कळेल. १५ ऑगस्ट १९७२ रोजी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत सुरू झाली. सहा आकड्यांतील पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा, आणि शेवटचे तीन वाटपाचे कार्यालय. इंटरनेटचा पत्ताही असाच टप्प्याटप्प्याने शोधला जातो, फक्त शेवटाकडून. आधी ‘डॉट इन’, मग त्याच्या आधीचे नाव. त्या नावावरून यंत्राचा क्रमांक सापडतो आणि पान आपल्यापर्यंत येते. २०१४ पासून ‘डॉट भारत’ असा देवनागरी पत्ताही घेता येतो.

पण हा पत्ता कोणाच्या मालकीचा होत नाही. तो मुदतीने मिळतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदणी होते, आणि नूतनीकरण चुकले तर नाव सुटते. येथेच पहिला खड्डा आहे.

एका शाखेचे उदाहरण देतो, नाव सांगत नाही. एका सभासदाच्या हुशार मुलाने चार दिवसांत वेबसाइट उभी करून दिली. नाव त्याच्या ई-मेलवर घेतले, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला, क्रमांक बदलला. नूतनीकरणाच्या सूचना जुन्या ई-मेलवर येत राहिल्या. मुदत संपली, नाव सुटले, दुसऱ्या कोणी ते उचलले. शाखेच्या लेटरहेडवर छापलेल्या त्या पत्त्यावर पुढे ऑनलाइन रमीची जाहिरात दिसू लागली. मुलाने फुकट काम करून दिले, त्याला बोल लावता येणार नाही. पण बँकेत शाखेचे खाते आपण एकट्याच्या नावावर उघडतो का? दोन सह्या लागतातच ना? मग शाखेचा पत्ता एकट्याच्या मोबाइलवर कसा चालतो?

दुसरी अडचण जागेची, म्हणजे होस्टिंगची. पुष्कळ जण म्हणतात, फुकट जागा मिळते, पैसे कशाला घालवायचे? १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर जगभरच्या सामान्य माणसांनी लाखो पाने फुकट मांडली होती. १९९९ मध्ये याहूने ती कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये, जपान वगळता, ती सेवा बंद केली. आपल्याकडे घराघरात पोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. क्वार्टर आपले नसते, पण सामान आपले असते, आणि ते बांधून नेता आले पाहिजे. म्हणून असे सॉफ्टवेअर घ्यावे की जागा बदलली तरी सामान हलवता येईल. २००३ पासून उपलब्ध असलेले वर्डप्रेस हे मोफत सॉफ्टवेअर असे आहे, आणि ते मराठीतही वापरता येते. मात्र त्याच्या नव्या आवृत्त्या वेळच्या वेळी बसवाव्या लागतात, नाहीतर जुन्या भोकातून चोर शिरतात. जागा घेताना दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारा, कारण सवलत बहुधा पहिल्याच वर्षापुरती असते. आणि सगळ्या पानांची एक प्रत दर महिन्याला शाखेच्या कपाटातील डिस्कवर उतरवून ठेवा.

तिसरी अडचण खास आपली, मराठी अक्षरांची. शाखांची जुनी परिपत्रके श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो. तो फाँट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये तसे नाही. तेथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, मग संगणक मुंबईचा असो की मॉरिशसचा. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. ‘कर्मचाऱ्यांना’ या शब्दाचे ‘कर्मचार्यांना’ होते. एका माणसाने वाचायचे आणि दुसऱ्याने मूळ कागदावरून तपासायचे, एवढे केलेच पाहिजे.

काही शाखा परिपत्रकाचा फोटो काढून तोच चढवतात. काम लवकर होते हे खरे, पण फोटोतील मजकूर सहजासहजी शोधात येत नाही. शिवाय घाटातल्या स्टेशनवर, जेथे मोबाइलला एक काडी मिळते, तेथे सात-आठ एमबीची फाइल उघडता उघडता गाडी निघून जाते. परिपत्रकाचा मजकूर टाइप करा. मूळ प्रत हवी असणाऱ्यासाठी खाली वेगळी ठेवा.

चौथी गोष्ट, काय ठेवायचे नाही. सभासदांच्या याद्या, मोबाइल क्रमांक, पीएफ क्रमांक, आजारपणाचे कागद वेबसाइटवर नकोत. माणसाच्या खासगी माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने कायदा केला आहे. कायदा नसता तरी सभासदाने विश्वासाने दिलेली माहिती चव्हाट्यावर मांडणे आपल्याला शोभले नसते. तसेच रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम, १९६६ आणि टपाल कर्मचाऱ्यांना लागू असलेले केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांत कार्यालयीन कागद अधिकाराविना बाहेर देण्यास मनाई आहे. उत्साहाच्या भरात एखादा तरुण कार्यकर्ता गोपनीय पत्र चढवेल आणि आरोपपत्र त्याच्या हातात पडेल. काय चढवायचे हे एकट्याने ठरवू नये, सचिवांच्या सहीनेच ते जावे.

शेवटची अडचण सातत्याची. उद्घाटनाला हार-तुरे होतात, फोटो निघतात, आणि वर्षभराने पाहावे तर पहिल्या पानावर तेच उद्घाटन! शिळी वेबसाइट नसलेल्या वेबसाइटपेक्षा वाईट, कारण जुना महागाई भत्ता खरा समजून सभासद हिशेब मांडतो. म्हणून सुरुवात चार पानांनीच करा : पदाधिकारी, परिपत्रके, सभांच्या तारखा आणि तक्रार कोठे द्यावी. जेवढे दर आठवड्याला सांभाळता येईल तेवढेच मांडा.

आपल्या खात्यांत बदली झालेला माणूस चार्ज दिल्याशिवाय जात नाही. किल्ल्या, रजिस्टर, रोकड सगळे लिहून देतो-घेतो. वेबसाइटचाही चार्ज असतो. म्हणून माझी विनंती आहे की, येथून परत गेल्यावर कार्यकारिणीच्या पहिल्या सभेत तीन गोष्टींचा ठराव करा. एक, डोमेन शाखेच्या नावावर, शाखेच्या ई-मेलवर आणि शाखेच्या मोबाइल क्रमांकावर असेल. दोन, पासवर्ड सचिव आणि खजिनदार या दोघांकडे राहील आणि पदाधिकारी बदलताच तो बदलला जाईल. तीन, नूतनीकरणाची तारीख वर्गणीच्या हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिली जाईल.

हा ठराव इतिवृत्तात उतरला की मगच हुशार मुलाला बोलवा आणि वेबसाइटचे काम सुरू करा.

कामगार एकजुटीचा विजय असो!